मकारातली पायरी

देवदत्तकाका पांचाळ भित्तिपत्रकाकडे तोंड ठेवून मागे मागे चालू लागले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला कॉफीच्या टेबलावर आदळले, तेव्हाच थांबले. नेपरव्हिलच्या आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत आतल्या खोल्यांमध्ये मुले बाराखडी गिरवत होती. बाहेर त्यांना सोडायला आलेली मंडळी भित्तिपत्रकाकडे पाठ करून हायस्कुलांच्या क्रमवारीवर वाद घालत होती. त्याकडे पाहणारे काका एकटेच होते. मला आनंद झाला, कारण ते मी लावले होते.

"चारुताबाई," त्यांनी टेबलापासूनच हाक मारली, "हा म असा मोडका कुणी ठेवला?"

मी जवळच्याच कॉलेजात मुद्रणाचा इतिहास शिकवते. अशा शंकांना माझ्याकडे तीन लांबीची उत्तरे तयार असतात: एक विद्यार्थ्यांसाठी, एक सहकाऱ्यांसाठी आणि सर्वांत आखूड, ओळखीच्यांसाठी. काकांना मी आखूड दिले. अक्षराच्या टोकांना विटेसारखे चौकोनी, जाड ठोकळे बसवले की जे वळण तयार होते, त्याला स्लॅब सेरिफ म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी पुस्तकी अक्षरांचा आवाज रस्त्यापर्यंत पोहोचेना, तेव्हा जाहिरातदारांनी ते जन्माला घातले. सर्कशी, लिलाव, फरारी दरोडेखोर हे सगळे त्याच अक्षरांत भिंतींवर चढले. विद्वानांनी त्याला बराच काळ 'इजिप्शियन' म्हटले. इजिप्तशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, परंतु तेवढ्याने विद्वान कधी अडत नाहीत. आजही इथल्या कॉलेजांच्या स्वेटशर्टांवर छातीभर पसरलेले नाव बहुधा याच घराण्यातले असते. नाजूकपणा त्याला जमत नाही, आणि ते तसे सोंगही आणत नाही. त्यात प्रेमपत्र छापले तर ते समन्स वाटेल. पण 'थांबा' हा शब्द त्याच्याइतक्या अधिकाराने कोणी उच्चारू शकत नाही. रोमन अक्षराचा ठोकळा पायाशी असतो, आपला डोक्यावर. देवनागरीत शिरोरेषाच खांबाइतकी जाड होते आणि तिची टोके करवतीने कापल्यासारखी सरळ उतरतात.

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "मी म विचारतोय."

भित्तिपत्रकावर 'मैदान' हा एकच शब्द होता. ते एका नव्या फॉन्टचे नाव. क्युपर्टिनोत वाढलेल्या कुश नावाच्या तरुणाने तो दोन वर्षे खपून तयार केला होता आणि पुढच्या शनिवारी तो प्रसिद्ध होणार होता. विस्कॉन्सिनमध्ये, तळ्याकाठच्या एका गावात, लाकडी छापील अक्षरांचे एक संग्रहालय आहे. तिथल्या कपाटात कुशला त्रेचाळीस देवनागरी अक्षरांची एक पेटी सापडली. पेटीवर चिठ्ठी होती: 'भारत. कारागीर अज्ञात.' कुशने त्या ठोकळ्यांवरून फॉन्ट घडवला आणि त्याच्या पुस्तिकेला चार पानांची प्रस्तावना लिहिली मी.

त्या लाकडी मकाराच्या शिरोरेषेचे उजवे टोक बाकीच्या रेषेपेक्षा किंचित खाली उतरलेले होते, एखाद्या घराच्या पायरीसारखे. माझ्या प्रस्तावनेचा कणा म्हणजे ही पायरी.

"ती मोडकी नाही, काका, मुद्दाम आहे," मी म्हटले आणि माझेच वाक्य मला तोंडपाठ असल्याने ते ऐकवले: "'मकाराच्या शिरोरेषेतली ही पायरी म्हणजे अखंडतेच्या आग्रहाला एका अनाम कारागिराने दिलेला सौम्य परंतु ठाम नकार होय.'"

काका चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"नकार कसला? सरस वाळला नव्हता."

"कुणाचा सरस?"

"माझा."

बहात्तर साली ते मिरजेच्या एका छापखान्यात होते. तिथे यंत्रावर माणसे पुष्कळ होती. लाकडी अक्षरे कापणारे ते एकटे. सागवानाचा ठोकळा घ्यायचा, त्यावर अक्षर उलटे काढायचे, करवतीने आणि पटाशीने कोरायचे. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान होते, पाचशे पत्रके निघायची होती, आणि म जुळणीच्या दगडावरून खाली पडून त्याच्या शिरोरेषेचा कोपरा उडाला. नवा म कापायला वेळ नव्हता. काकांनी लाकडाची चकती सरसाने बसवली आणि खालून बांबूची एक खुंटी ठोकली. रुळाखाली चकती जोंधळ्याच्या दाण्याएवढी घसरली.

"मी मालकांना म्हटलं, थांबा, नवा कापतो. मालक म्हणाले, पांचाळ, पैलवान म वाचायला येत नाहीत." काकांच्या चेहऱ्यावर तो अपमान आजही ताजा होता. "मग तसाच छापला. मग पुढच्या मैदानाला तसाच. मग ऑफसेट आलं, छापखाना बंद झाला, अक्षरं कुणी उचलून नेली. तो म कापायचा राहून गेला तो राहूनच गेला."

मी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. पत्ता विचारण्याचे कष्ट ज्याच्यासाठी घेतले नाहीत त्याला 'अज्ञात' म्हणायचे, ही आमच्या विद्येतली जुनी आणि सभ्य रीत आहे. चार पानांत तो शब्द मी सतरा वेळा वापरला होता. मी नंतर मोजले. आणि तो अज्ञात इसम गेली चार वर्षे दर शनिवारी मला "चहा झाला का?" असे विचारत होता. भारतातल्या जुन्या छापखान्यांकडे एक फोन मी केला नव्हता. कशाला करायचा? अज्ञात माणूस प्रस्तावनेत किती शोभून दिसतो!

काकांची मुलगी सुवर्णा गाडीची किल्ली फिरवत आली. ती शिकागोतल्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळते.

"बाबा, चला ना, पार्किंगमध्ये राडा झालाय. चारुताताई, काय झालं? तुम्ही दोघं असे का बघताय?"

मी सांगितले. तिने वडिलांकडे आणि मग भिंतीकडे पाहिले. "बाबा, हे तुम्ही केलंय? हे एवढं? तुम्ही तर नेहमी 'छापखान्यात होतो' एवढंच सांगता!"

"छापखान्यातच होतो की."

"काका," मी म्हटले, "या फॉन्टवर तुमचं नाव लागलं पाहिजे. शनिवारच्या आत."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि भित्तिपत्रकापाशी जाऊन त्या पायरीवर नख टेकवले.

"लागू दे. पण आधी हा सरळ करा. मोडक्या म वर माझं नाव नको."

त्याच दुपारी मी कुशला फोन केला. पलीकडे तो चक्क ओरडला. "ताई, आर यू सीरियस? ही इज अलाइव्ह? इन नेपरव्हिल? ओ माय गॉड, मी त्यांना मीट करणार!" त्याचा आनंद निर्मळ होता आणि मलाही त्याची लागण झाली होती. मग मी अट सांगितली.

"नो वे. पायरी इज द फॉन्ट, ताई. सगळे तेच बघून येतायत. आणि मी ती फक्त म मध्ये नाही ठेवली. भ, य, स... अजून नऊ लेटर्समध्ये टाकली."

"नऊ? का?"

"तुमचा एसे वाचून!"

प्रस्तावनेची चार पाने माझ्यासमोर टेबलावरच होती. मी ती पालथी घातली.

"अँड सॉरी टु आस्क," तो हळू आवाजात म्हणाला, "पण आपल्याला प्रूफ लागेल ना? पेटी तर कुणाचीही असू शकते."

"ठोकळ्याच्या खाली बांबूची खुंटी आहे. तू तो ठोकळा उलटा करून पाहिलास?"

"नाही. मी फक्त वरचा फेस स्कॅन केला."

मी तर तेवढेही केले नव्हते. मी त्याचे स्कॅन पाहिले होते.

शनिवारी सकाळी सातला आम्ही तिघे निघालो. सुवर्णा गाडी चालवत होती आणि दर वीस मिनिटांनी "बाबा, अजून काय काय सांगितलं नाहीये तुम्ही?" असे विचारत होती. काका मागच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्यांना गुण देत होते. शेतमाल विकणाऱ्या एका फार्म स्टँडच्या पाटीवर जाड, ठोकळेदार अक्षरांत लिहिलेला मका पाहून ते इतके खूश झाले की सुवर्णाला गाडी हळू करावी लागली. "हा बघा! वाऱ्यातसुद्धा उभा राहील!" त्यानंतर एका नव्या दवाखान्याची फिकट राखाडी, केसासारखी बारीक अक्षरे आली. काकांनी मान फिरवली. "आधीच आजारी माणूस, त्यात हे."

संग्रहालय म्हणजे जुन्या कारखान्याची लांबच लांब शेड. एका बाजूला अक्षरांची कपाटे, दुसऱ्या बाजूला छपाईची यंत्रे, मध्ये तीन वाजताच्या समारंभासाठी खुर्च्या मांडणे चालू होते. कुश दारातच उभा होता. त्याने वाकून काकांच्या पायांना हात लावला. ते इतक्या अनपेक्षितपणे घडले की काकांनी एक पाऊल मागे घेतले.

व्यवस्थापक बाईंनी पेटी आणली. काकांनी झाकण उघडले, आणि पुढचे अर्धे मिनिट त्यांना आमची आठवण नव्हती. "हा कु, कुस्त्यांचा... हा जं, 'जंगी'चा. याला मी तीन दिवस लावले होते. अरे, हा इथे आहे!" ते एकेक ठोकळा उचलून नाकाशी नेत होते. शेवटी त्यांनी म उचलला, पण उलटा न करता तो माझ्या हातात दिला.

"तुम्ही बघा. तुम्ही लिहिलंत."

मी ठोकळा उलटा केला. सागवान पन्नास वर्षांच्या शाईने काळे पडले होते, आणि त्या काळ्यात, कोपऱ्यापासून बोटभर आत, शेंगदाण्याएवढा एक पिवळा ठिपका होता. बांबू.

"खुंटी!" सुवर्णा ओरडली. खुर्च्या मांडणारी माणसे वळून बघू लागली. कुशने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कोणत्याही शोधनिबंधात बसला नसता.

"डन," कुश म्हणाला. "नाव आत्ता टाकतो. डिझाइन: देवदत्त पांचाळ, मिरज. सगळीकडे. तीन वाजता स्क्रीनवर रिलीज करू."

"आणि म?" काकांनी विचारले.

"काका, म तसाच राहू द्या ना. प्लीज. लोकांना तो आवडतो. इट्स ब्यूटिफुल."

"मग नाव काढ."

"बाबा!" सुवर्णा म्हणाली. "अहो, तुमचं नाव जगभर जाईल. एका म साठी कुणी असं करतं का?"

"जगभर जाणार म्हणूनच. मिरजेत पाचशे लोकांनी बघितला तेव्हा मला आठ दिवस झोप नव्हती." ते कुशकडे वळले. "इथे कोरं लाकूड मिळेल का रे?"

साडेअकरा वाजले होते. मॅपलचे रंधा मारलेले, अक्षराच्या उंचीचे कोरे ठोकळे संग्रहालयात होते. करवत, पटाशी, कानसही होती. काकांनी पेन्सिलीने ठोकळ्यावर म काढला. तो उलटा होता, आणि ते काढताना त्यांनी मूळ ठोकळ्याकडे एकदाही पाहिले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या हाताला रेषा पाठ होत्या. मग त्यांनी करवत उचलली. समारंभासाठी लवकर आलेले लोक खुर्च्या सोडून भोवती गोळा होऊ लागले. एका आजोबांनी न विचारता दिवा जवळ आणून धरला. कोणी टिपण काढत होते, कोणी फोनवर चित्रण. काका मॅपलवर वैतागून मराठीत बोलत होते. "दगड आहे का लाकूड? हे लोक दारं कशाची करतात?"

पावणेदोन तासांनी त्यांनी ठोकळ्यावरचा भुसा फुंकला आणि शिरोरेषेच्या उजव्या टोकावरून अंगठा फिरवला.

"सामने," ते म्हणाले. "सामने हा शब्द लाव. एकदा जुना म घालून, एकदा नवा."

कुशनेच जुळणी केली. जुनी अक्षरे आटून किंचित बुटकी झाली होती. काकांनी त्यांच्याखाली कागदाचे तुकडे घालून सगळ्यांची उंची एक करायला त्याला शिकवले. पाचरींनी चौकट घट्ट झाली, शाईचा रूळ फिरला, दोन कागद निघाले. काकांनी ते शेडच्या पार टोकाच्या भिंतीवर शेजारीशेजारी लावायला सांगितले.

"आम्ही प्रूफ रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर लावायचो," ते कुशला म्हणाले. "मधून बैलगाड्या, सायकली जायच्या. तरी वाचता आलं तर पास. चाल माझ्याबरोबर. चाळीस पावलं."

कुश चालला. आम्ही सगळेच चाललो, तीस-चाळीस माणसे एका म्हाताऱ्यामागून, पावले मोजत. चाळिसाव्या पावलावर काका वळले.

डावीकडच्या कागदावर 'साम' होता आणि नंतर 'ने' होता. हातभर अंतरावरून जी पायरी मला ठाम नकार वाटली होती, ती चाळीस पावलांवरून पांढरी भेग झाली होती आणि तिने शब्दाचे दोन तुकडे केले होते. उजवीकडे एकच काळीभोर तुळई होती, टोकापासून टोकापर्यंत, आणि तिच्याखाली शब्द असा उभा होता की समारंभाला आलेल्या, मराठीचे एक अक्षरही न वाचता येणाऱ्या एका बाईंनी उजवीकडे बोट दाखवून म्हटले, "दॅट वन."

कुशने हार मानली नाही. त्याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

"पण काका, हे पोस्टरसाठी खरं आहे. माझा फॉन्ट फोनवर वापरणार लोक. वेबसाइटवर. चाळीस पावलांवरून फोन कोण बघतो?"

"मग एवढा जाड कशाला केलास?"

"म्हणजे?"

"हातातल्या फोनवर वाचायला बारीक अक्षर पुरतं की. हे लांबच्या माणसाला हाक मारायला असतं. हाक मारायची तर मधे अडखळायचं नाही." काका खांदे उडवून म्हणाले. "नाहीतर सरळ सांग, दिसायला मजेशीर आहे म्हणून ठेवलाय. मी समजेन. फक्त माझं नाव नको."

कुश भिंतीपर्यंत गेला, पायरीवर हात ठेवून उभा राहिला, चाळीस पावले परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तो आलाच नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर म होता, आणि कुश त्याच्या शिरोरेषेचे टोक एकेक बिंदू धरून वर उचलत होता.

"दहा लेटर्स," तो मान न वळवता म्हणाला. "प्लस सगळी जोडाक्षरं. तीनपर्यंत नाही होणार, ताई. दोन आठवडे लागतील. लोकांना काय सांगू? आणि तुमचा एसे?"

"ते माझ्यावर सोड."

तीन वाजता मी उठले आणि जमलेल्या लोकांना माझे चार पानांतले सर्वांत लाडके वाक्य इंग्रजीतून वाचून दाखवले. अनेकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. वाक्य खरोखरच चांगले होते. मग मी म्हटले की हे संपूर्ण खोटे आहे, पायरी म्हणजे न वाळलेला सरस आहे, कारागीर अज्ञात नाही आणि कधीच नव्हता, अज्ञान सगळे माझे होते, आणि प्रस्तावना मी मागे घेत आहे. ठोकळा उलटा करून मी खुंटी दाखवली. लोक हसतील अशी माझी अपेक्षा होती. ते टाळ्या वाजवू लागले, आणि टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, ही त्या दिवसातली माझ्या दृष्टीने सर्वांत समाधानाची गोष्ट. सगळ्यांची तोंडे काकांकडे होती. कुशने उभे राहून सांगितले की फॉन्ट आज येणार नाही. दोन आठवड्यांनी येईल, दुरुस्त होऊन, आणि देवदत्त पांचाळांच्या नावाने येईल.

"आता ते नाव छापू या," सुवर्णा म्हणाली. "आत्ता. याच अक्षरांत."

"एवढ्या मोठ्या अक्षरांत?" काका दचकले. "अगं, एवढं नाव आम्ही फक्त पैलवानांचं छापायचो."

"मग आज तुम्ही पैलवान. कुश, लाव."

संग्रहालयात गुलाबी कागद होता. कुश पेटीतून अक्षरे काढू लागला आणि अर्ध्यावर थांबला. "काका, द एकच आहे."

"चार होते. तीन गेले असतील." काकांनी क्षणभर विचार केला, आता त्यांचा आवाज छापखान्यातला झाला होता. "दोनदा काढू. आधी एक द लावून सगळं नाव छाप, दुसऱ्याची जागा मोकळी सोड. मग बाकीचं सगळं उचल, तोच द मोकळ्या जागेवर बसव, कागद होता तिथेच परत घाल. केसभर हलला तर फुकट."

पहिल्या फेरीत नाव निघाले, मध्ये दात पडल्यासारखे. कुशने अक्षरे काढली, द पुसला, नव्या जागी बसवला, पाचरी ठोकल्या. काकांनी कागदाचे दोन कोपरे धरले आणि सुवर्णाने उरलेले दोन. कुशने रूळ ढकलला.

कागद वर आला. देवदत्त पांचाळ, पाच इंच उंच, एकसंध शिरोरेषेखाली. दुसरा द पहिल्याहून किंचित जास्त काळा, अजून ओला. सुवर्णा हसत होती आणि मनगटाने डोळे पुसत होती, कारण बोटांना शाई होती. भोवतीची माणसे पुन्हा टाळ्या वाजवू लागली. काकांनी कागद उजेडाकडे तिरका धरला आणि त्यावरून नजर फिरवली.

"दुसऱ्या द ला शाई जास्त झाली," ते म्हणाले. "कुश, अजून एक कागद घे."